पूर येणारच आहे, तुम्ही वर काय नेणार? चॉईसवाली स्टोरी गेम कशी लिहायची

स्टोरी गेम खेळून संपली की मित्रांच्या ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास येतं, "अरे काहीही निवडलं तरी शेवट तोच आहे, सगळे चॉईस खोटे आहेत." आणि बऱ्याचदा ते खरंच असतं. पण मी गेली काही वर्षं इथं सांगलीत बसून, रात्री जेवणं झाली की, छोट्या छोट्या चॉईसवाल्या गोष्टी लिहितोय आणि आता मला पक्कं वाटतंय की शेवट एकच असणं यात काही चूक नाही, फसवणूक होते ती दुसरीकडंच. ती कुठं होते, आणि ती टाळून एकट्या माणसाला जमेल एवढ्या कष्टात खेळणाऱ्याला "हे मी केलं" असं वाटेल अशी गेम कशी बांधायची, ते पायरी पायरीनं सांगतो. कोडिंग येत नसलं तरी चालतंय. पुढं द वॉकिंग डेड, मास इफेक्ट, विचर, बायोशॉक यांचे स्पॉयलर आहेत, खेळायच्या राहिल्या असतील तर जपून वाचा.

आधी गणित करून बघा

समजा तुमच्या गोष्टीत फक्त १० ठिकाणी निवड आहे आणि दर ठिकाणी दोनच पर्याय. प्रत्येक पर्यायाची वाट शेवटपर्यंत वेगळी ठेवायची म्हटलं तर शेवट होतात १०२४, आणि पहिल्या प्रसंगापासून सगळे मोजले तर प्रसंग होतात २०४७. एक प्रसंग १५० शब्दांचा धरला तरी तीन लाखांच्या वर शब्द झाले. आणि एकदा खेळणाऱ्या माणसाला त्यातले दिसणार किती, तर ११. उरलेले दोन हजार प्रसंग त्यानं बघितलेच नाहीत, आणि तुम्ही एवढे लिहीत बसल्यामुळं जे ११ बघितले तेही घाईघाईत उरकलेले.

म्हणून सगळेच, अगदी शेकडो माणसं कामाला असलेले मोठे स्टुडिओसुद्धा, वाटा फोडतात आणि परत जुळवतात. सांगलीहून साताऱ्याला जायचं तर आष्ट्यावरून पेठ नाक्याला निघून हायवे पकडता येतो, नाहीतर तासगाव, विटा, कडेगाव करत जाता येतं. दोन्हीकडनं गेलं तरी कराडला पोचताच. पण विट्यावरून आलेल्या माणसानं वाटेत जे बघितलं ते पेठ नाक्यावरनं आलेल्यानं बघितलेलं नसतं, आणि कराडला चहा पिताना दोघांच्या गप्पा वेगळ्या असतात. तुमची गेम अशी पाहिजे. गोष्टीत अशी दोनतीन कराड ठरवून टाकायची, जिथं सगळ्यांना यावंच लागतंय.

इंकल नावाच्या स्टुडिओनं त्यांची इंक ही गोष्टी लिहायची भाषा २०१६ साली सगळ्यांना मोफत खुली केली. तिच्यात फुटलेल्या वाटा परत गोळा करायला वेगळं चिन्हच आहे, साधी एक आडवी रेघ, त्याला ते गॅदर म्हणतात. म्हणजे वाटा जुळवणं ही कुणी लपून करायची गोष्ट नाही, या कामातली ती रोजची रीत आहे.

मग फसवणूक कुठं होते

प्रत्येक चॉईस खेळणाऱ्याला काहीतरी कबूल करत असतो. ढोबळमानानं तीन गोष्टी कबूल करता येतात. एक, वाट बदलेल, म्हणजे पुढं वेगळं काहीतरी घडेल. दोन, नातं बदलेल, म्हणजे घडेल तेच पण माणसं तुमच्याशी वेगळी वागतील. तीन, तुम्ही कोण आहात ते ठरेल, बाहेर काहीच बदललं नाही तरी तुमचं पात्र तुमचं होईल. तिन्ही चांगलेच. फसवणूक होते ती पहिल्याची कबुली देऊन हातात तिसरं टेकवलं की.

टेलटेल या स्टुडिओची द वॉकिंग डेड घ्या, २०१२ ची. पहिल्याच एपिसोडमध्ये डग आणि कार्ली यांच्यातल्या एकालाच वाचवता येतं. तुम्ही जीव तोडून एकाला वाचवता, आणि तिसऱ्या एपिसोडमध्ये जो वाचलाय त्याला तुमच्याच गटातली लिली गोळी घालते. कुणालाही वाचवा, पुढच्या गोष्टीत दोघंही नाहीत. कागदावर बघितलं तर हा चॉईस खोटा. पण क्लेमेंटाईन नावाच्या त्या लहान पोरीसमोर तुम्ही काय बोलला, काय केलं, त्यावर जी ओळ येते, "क्लेमेंटाईन हे लक्षात ठेवेल", ती ओळ दुसऱ्या प्रकारची कबुली आहे, नात्याची. तिनं कुठंच म्हटलेलं नाही की जग बदलेल. म्हणून इतक्या लोकांना ती गेम अजून आठवते आणि डग-कार्लीचं दुखणंही त्याच लोकांना आठवतं.

किंमत नसलेला चॉईस हा दुसरा प्रकार. बायोशॉकमध्ये (२००७) लहान मुलींना वाचवायचं की त्यांचा जीव घेऊन अ‍ॅडम हा शक्ती देणारा पदार्थ काढून घ्यायचा, असा मोठा नैतिक प्रश्न टाकलाय. जीव घेतला तर १६० मिळतं, वाचवलं तर ८०. इथपर्यंत ठीक, चांगलं वागायला किंमत पडते. पण दर तीन मुली वाचवल्या की बक्षीस म्हणून २०० परत मिळतं. करा हिशोब, तीन मुली मारल्या तर ४८०, तीन वाचवल्या तर ४४०. चाळीसाच्या फरकाचा त्याग. मला ही गेम मनापासून आवडते, तिच्यातलं शहर अजून डोळ्यांपुढं आहे, पण हा चॉईस तिनं स्वतःच पोकळ केला असं माझं मत आहे.

पायरी पहिली: खिळे कुठं आणि दोरी कुठं

इथं माझ्याच एका गेमचं उदाहरण घेतो, कारण ती आतून बाहेरून माहितीय. गोष्ट ऑगस्ट २०१९ च्या पुराची. सांगलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, गणपती पेठ, सगळीकडं पाणी. घराघरात एकच विचारणा, "पुलावर किती झालं? कोयनेतनं किती सोडलंय?"

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सुरुवातीलाच प्रश्न टाकला होता, "घर सोडून आत्ताच निघायचं की थांबायचं?" आणि निघायचं म्हटलं की आजी नाही म्हणायची, मग परत निघायचं म्हटलं की रिक्षा मिळायची नाही, मग रस्ताच बंद. कारण मला गोष्ट घरातच ठेवायची होती. हाच तो खोटा चॉईस. दार दाखवायचं आणि ते उघडायला गेलं की आतनं कडी. खेळणाऱ्याला दुसऱ्या वेळेलाच कळतं की इथं लेखकाला मला जाऊ द्यायचं नाहीये, आणि एकदा ते कळलं की पुढचे सगळे चॉईस त्याला तसेच वाटायला लागतात, खरे असले तरी.

मग मी वहीत पान आखून दोन रकाने केले. डावीकडं खिळे, म्हणजे कुणीही खेळलं तरी जे होणारच: पाणी येणार, लाईट जाणार, खालचा मजला बुडणार, चौथ्या दिवशी पाणी उतरणार. उजवीकडं दोरी, म्हणजे जे खेळणाऱ्याच्या हातात: वर काय न्यायचं, कुणाला हाक मारायची, आजीशी काय बोलायचं, लहान भावाला खरं सांगायचं की नाही. आणि नियम केला की डाव्या रकान्यातल्या कुठल्याच गोष्टीवर प्रश्न विचारायचा नाही. गेम आता सुरूच होते रात्री दोन वाजता, पाणी ओट्याला लागलेलं असताना. निघायचं का हा प्रश्न उरलाच नाही, आणि आजपर्यंत खेळलेल्या एकानंही मला विचारलं नाही की बाहेर का पडता येत नाही.

तुम्हीही हे दोन रकाने आधी करा. बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

आणि शेवट ठरलेला असला की मजा जाते असं वाटत असेल तर आपल्याच गावाकडं बघा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथनं धरतो. धनुष्य कोण उचलणार हे बघायला आलेल्या प्रत्येकाला माहिती होतं. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा, कथा त्या पदांनी बांधलेली असायची, आणि मधली भाषणं पात्रं तिथल्या तिथं, स्वतःच्या मनानं बोलायची. कथा बांधलेली, बोलणं मोकळं. स्टोरी गेममध्ये लेखक सूत्रधार आहे आणि खेळणारा पात्र आहे. त्याला धनुष्याचा निकाल बदलायला देऊ नका हवं तर, पण त्याच्या तोंडचं बोलणं त्याचं त्याला बोलू द्या.

दुसरी पायरी, नकाशा

हे पटकन होतं. मोठा कागद घ्या, कॅलेंडरची मागची बाजू चांगली. खिळे ओळीत मांडा, हे तुमचे कराड. दोन खिळ्यांच्या मध्ये वाटा काढा, दोन किंवा तीन, प्रत्येक वाटेवर एक ते तीन प्रसंग. मग मोजा. ३० ते ४० प्रसंगांच्या पुढं गेलं तर पहिल्या गेमसाठी ते जास्त आहे, एखादी वाट खोडा. एकच वाट अशी ठेवा की जी खरोखर लांब जाते आणि उशिरा जुळते, तिच्यावर जास्त वेळ घालवा. विचर २ मध्ये (२०११) सैनिक रोशची बाजू घेतली की बंडखोर इओर्वेथची, यावर अख्खा दुसरा अंकच बदलतो, वेगळी छावणी, वेगळी माणसं, वेगळी कामं. खेळणाऱ्यासाठी हे जबरदस्त आहे, पण एकदाच खेळणाऱ्या माणसाला एवढी लिहिलेली, रंगवलेली अर्धी बाजू दिसतच नाही. आपल्याला एवढं परवडत नाही, पण चारपाच प्रसंगांची एक लांब वाट परवडते, आणि तेवढ्यानं बाकीच्या छोट्या वाटांवरचा विश्वास वाढतो.

तिसरी पायरी: गेमनं काय लक्षात ठेवायचं

वाट जुळल्यावरही फरक उरतो तो आठवणीमुळं. गेम लिहायच्या भाषेत त्याला व्हेरिएबल म्हणतात, घाबरू नका, वहीत मारलेली टिक समजा. आजीची ट्रंक वर नेली? टिक. भावाला खरं सांगितलं? टिक.

माझ्या गेमच्या मधल्या प्रसंगात पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतं आणि खेळणाऱ्याला तीनच फेऱ्या मारता येतात. खाली सहा गोष्टी आहेत: देव्हारा, गॅसची शेगडी आणि सिलिंडर, आजीची ट्रंक, घराच्या आणि शेतीच्या कागदांची पिशवी, ज्वारीचा डबा, आणि भिंतीपलीकडच्या काकू. सहातल्या तीन निवडायच्या तर २० वेगवेगळे प्रकार होतात. वीस गोष्टी लिहिल्या का मी? नाही. सहा टिका ठेवल्या, आणि पुढच्या प्रसंगांत सहा ठिकाणी दोन दोन वाक्यं लिहिली, एक टिक असेल तर, एक नसेल तर. शेगडी वर आली असेल तर सकाळी चहा होतो आणि त्या चहाचा एक छोटा प्रसंग आहे. नसेल तर आजी भिजवलेले पोहे पुढं करते आणि काही बोलत नाही. काकूंना बोलावलं असेल तर वरच्या खोलीत एक माणूस जास्त आहे, तिच्या खोकल्याचा आवाज रात्रभर आहे, आणि ज्वारी चौघांत नाही, पाचांत पुरवायची आहे. बारा तुकडे लिहिले आणि वीस प्रकारची घरं तयार झाली. एकट्या लेखकाला याच्याइतकी फायद्याची गोष्ट दुसरी नाही.

टिका कमी ठेवा, सहा ते आठ बास. प्रत्येक टिक निदान दोनदा वापरली गेली पाहिजे, एकदाच वापरली तर खेळणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. आणि जी टिक कुठंच वापरली नाही ती काढून टाका आणि तो प्रश्नही काढून टाका.

चौथी पायरी: पर्यायाचे शब्द

माझा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि तुमचाही जावा.

पर्यायावर जे लिहिलंय तेच घडलं पाहिजे. एल ए न्वार (२०११) मध्ये साक्षीदाराचा जबाब घेताना डाउट नावाचा पर्याय होता. आपण समजायचो की थोडी शंका दाखवायची, आणि तो दाबला की डिटेक्टिव्ह समोरच्याच्या अंगावर ओरडायचा. २०१७ ला ती गेम नव्यानं आली तेव्हा ते शब्द बदलून गुड कॉप, बॅड कॉप आणि अक्यूज केले. प्रसंग तेच, आवाज तेच, फक्त बटणावरचा शब्द बदलला आणि निवड परत खेळणाऱ्याच्या हातात आली.

म्हणून "मदत कर" आणि "मदत करू नको" असले पर्याय लिहू नका. "मदत करू नको" हे कुणीच दाबत नाही आणि दाबलं तर त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही सांगता येत नाही. माझे पर्याय आधी असे होते:

ट्रंक वर ने.
ट्रंक राहू दे.

आता असे आहेत:

"आज्जी, तू नुसती कडी धर, ओझं मी घेतो."
"आज्जी, लुगडी परत घेता येतील. चल वर."

घडतं तेच, ट्रंक एक तर वर जाते नाहीतर खाली राहते. पण दुसऱ्या रूपात खेळणारा नातू म्हणून काहीतरी बोललाय, आणि ट्रंक सोडणारा दगडाच्या काळजाचा ठरत नाही, त्याला त्याचं कारण मिळालंय. दोन्ही पर्याय एखाद्या चांगल्या माणसाला निवडता आले पाहिजेत. एक साधूचा आणि एक राक्षसाचा, असे लिहिले तर ती निवडच उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला मावशीनं शिकवलं. तिचं घर २०१९ ला पाण्यात होतं. गेम तयार झाल्यावर मी फोन तिच्या हातात दिला आणि बाजूला बसलो. त्या वेळी खालच्या गोष्टी पाचच होत्या. तिनं यादी वाचली, परत वाचली, अंगठा स्क्रीनवर तसाच धरून थांबली आणि म्हणाली, "आणि शेजारी कुणीच राहत न्हाई व्हय रं? भिंतीला भिंत लागलीय आमची. मी आधी तिला हाक मारली असती. ट्रंक काय, गेली तर गेली." मी वाटा मोजत बसलो होतो, प्रकार मोजत बसलो होतो, आणि सांगलीतली कुठलीही बाई त्या रात्री जे पहिल्यांदा करेल तेच यादीत नव्हतं. तिच्यासाठी गेम तिथंच खोटी झाली. शेवट किती आहेत हे तर तिनं विचारलंही नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक चॉईस लिहिला की स्वतःला विचारतो, या जागी उभा असलेला माणूस पहिल्यांदा काय करेल? ते यादीत पाहिजे. आणि ते द्यायचं नसेल तर ते का शक्य नाही हे प्रश्न यायच्या आधी गोष्टीत सांगून टाकलेलं पाहिजे. काकू गावाला गेल्यात असं आधीच्या पानावर म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तसं केलं नाही, काकूंना गेममध्ये आणलं, आणि आता तोच गेममधला सगळ्यात चांगला भाग आहे.

पाचवी पायरी: परतफेड कधी करायची

पहिल्या चॉईसचा परिणाम दोनतीन स्क्रीनच्या आत दिसला पाहिजे, अगदी छोटा असला तरी. गेम ऐकतेय हे खेळणाऱ्याला लवकर कळू दे, एकदा विश्वास बसला की मग तो उशिरा मिळणाऱ्या परतफेडीचीही वाट बघतो. मोठी परतफेड उशिरा ठेवा, कारण लगेच दिसली तर लोक सेव्ह लोड करून दुसरा पर्याय बघून येतात आणि मग निवड म्हणजे दुकानातली वस्तू हातात घेऊन परत ठेवल्यासारखी होते.

विचर ३ (२०१५) मध्ये सिरी या नायकाच्या मानलेल्या लेकीचं शेवटी काय होतं ते ठरतं चारपाच साध्या प्रसंगांवर. ती खचलेली असताना तुम्ही म्हणता की सगळंच जमायला पाहिजे असं नाही, की तिच्याशी बर्फाचे गोळे मारून खेळता? ती चेटकिणींच्या बैठकीला जाते तेव्हा तुम्ही मागं मागं आत जाता की तिला एकटीला जाऊ देता? तिथं कुठंच बोर्ड लावलेला नाही की हे महत्त्वाचं आहे. तास न् तास खेळल्यावर शेवटाला कळतं की गेम तुम्हाला एकच विचारत होती, पोरीवर तुमचा भरवसा होता का. परिणाम आणि प्रश्न एकाच जातीचे आहेत म्हणून तो शेवट पटतो. बर्फ खेळल्यामुळं तलवार मिळाली असती तर नसतं पटलं. तुम्ही माणुसकीचा प्रश्न विचारलात तर परतफेड माणसातच करा, सामानाचा विचारलात तर सामानात.

"अमुक हे लक्षात ठेवेल" अशी पाटी लावायची का? माझं मत, नको. पाटी लावली की ते निभवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी नाही निभवता येत. आजीनं गप्प राहून पोहे पुढं करणं हीच पाटी.

सहावी पायरी: शेवट

मास इफेक्टचे दोन भाग शेजारी ठेवून बघा, सगळं शिक्षण त्यात आहे. भाग ३, मार्च २०१२. तीन गेमा, शेकडो निर्णय, आणि शेवटच्या काही मिनिटांत तीन पर्याय, लाल, निळा, हिरवा, आणि त्यानंतर दिसणारं बरंचसं तेच, रंग तेवढे वेगळे. लोक एवढे दुखावले की ती बनवणाऱ्या बायोवेअरनं जूनमध्ये शेवट वाढवून एक्स्टेंडेड कट मोफत दिला. एका स्टुडिओला उगाच शिव्या घालायच्या म्हणून हे सांगत नाहीये, ती चूक अगदी सहज होते. शेवटी एक मोठ्ठा चॉईस ठेवावा असं प्रत्येक लेखकाला वाटतं, मलाही वाटलं होतं. पण शेवटचा मोठा चॉईस आधीच्या सगळ्या टिका पुसून टाकतो, कारण त्याच्या निकालाला त्यांची गरजच नसते.

भाग २, २०१०. शेवटची मोहीम सगळ्यांना तीच. शत्रूच्या बेसवर जायचंच आहे, लढायचंच आहे. पण जहाजाला चिलखत लावलं होतं का, सोबत्यांची कामं करून त्यांचा भरवसा मिळवला होता का, कुठल्या कामाला कुणाला पाठवलं, यावर कोण जिवंत परत येतं ते ठरतं. सगळे परत येऊ शकतात, आणि फारच थोडे उरले तर शेपर्ड, म्हणजे तुमचं पात्र, स्वतःसुद्धा वाचत नाही. खिळा तोच, दोरी पूर्ण तुमची.

मी माझ्या गेमच्या शेवटी एकही चॉईस ठेवलेला नाही. पाणी उतरतं, चिखल उरतो, सगळे जिन्यावरनं खाली येतात. तो प्रसंग सहा तुकड्यांतून जुळतो, प्रत्येक टिकेला एक. देव्हारा वर असेल तर आजी तो परत त्याच कोनाड्यात ठेवायला जाते आणि कोनाडा अजून ओला असतो. कागद वर असतील तर तलाठ्याकडं पंचनाम्यासाठी जायचं बोलणं निघतं, नसतील तर दोरीवर एकेक कागद वाळत घातलेला. शेवट एकच आहे. पण दोघांनी खेळून एकमेकांना सांगितला तर दोघांचं सांगणं वेगळं होतं.

सातवी पायरी: बसा आणि बांधा

ट्वाइन हे अशा गोष्टी बांधायचं सॉफ्टवेअर वापरा, मोफत आहे, २००९ पासून चालत आलंय, कॉम्प्युटरवर डाउनलोड करता येतं किंवा ब्राउझरमध्येच चालतं. एक प्रसंग म्हणजे एक चौकोन, त्याला पॅसेज म्हणतात. आत मराठीत सरळ टाईप करा. जिथं पर्याय द्यायचा ते शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकले की नवा चौकोन आपोआप तयार होतो आणि बाण ओढला जातो, कॅलेंडरच्या मागं काढलेला नकाशाच स्क्रीनवर दिसायला लागतो. टिकांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी. "ही टिक असेल तर हे दाखव" हे सुरुवातीला हार्लो या ट्वाइनमधल्या लिहायच्या पद्धतीत करा, ट्वाइनमध्ये नवी गोष्ट उघडली की तोच प्रकार मिळतो.

ब्राउझरमध्ये काम करत असाल तर एक गोष्ट काळजीनं पाळा, काम ब्राउझरच्याच साठ्यात राहतं, कुणी हिस्ट्री साफ करताना साइटचा डेटाही पुसला की तुमची गेम गेली. रोज उठताना आर्काईव्हची फाईल, म्हणजे सगळ्या कामाची प्रत, डाउनलोड करून पेनड्राईव्हवर किंवा स्वतःलाच मेल करून ठेवा.

पूर्ण झालं की पब्लिश करा, एकच एचटीएमएल फाईल मिळते, ती फोनच्या ब्राउझरमध्येही उघडते. मग तीन वेळा तपासा. पहिल्यांदा स्वतः, टेस्टचं बटण दाबून, प्रत्येक टिक लागते का आणि सुटते का ते बघत. दुसऱ्यांदा मुद्दाम आडमुठेपणानं, कुणी निवडणार नाही असं वाटतं ते ते निवडत, कारण तिथंच "काकू म्हणाल्या" असं वाक्य राहून गेलेलं असतं आणि काकू तर घरात नसतातच. तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. समजावून सांगायचं नाही, "पुढं बघ भारी आहे" म्हणायचं नाही. वही घेऊन बसा आणि फक्त दोन गोष्टी लिहा, अंगठा कुठं थांबला आणि कुठं न वाचताच दाबला. न वाचता दाबलेला चॉईस काढून टाका. थांबलेल्या अंगठ्याला मात्र खेळून झाल्यावर विचारा की तुला काय करायचं होतं, आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

मावशीला मी दुरुस्त केलेली गेम परत दिली तेव्हा तिनं पहिली फेरी काकूंना घातली, दुसरी ज्वारीला. तिसऱ्या फेरीला बराच वेळ थांबली. मग ट्रंक उचलली, आणि मी विचारायच्या आतच म्हणाली, "तवा राहिली होती."